घोगरीचा गळा

डिझेलवाल्यांचं आणि पेट्रोलवाल्यांचं भांडण आजवर कुणी मिटवलंय का? ज्याच्या दारात जुनी पिकअप उभी आहे, त्याला विचारा. आणि एकाच आईच्या पोटी एक डिझेलवाली नि एक पेट्रोलवाला जन्माला आला असेल, तर मग विचारूच नका. त्या घरात शांतता फक्त जेवताना, तीही तोंडात घास असेपर्यंत.

ताई डिझेलवाली, तिचा धाकटा भाऊ पेट्रोलवाला. ताईच्या घरचा धंदा काचेचा. तिचे यजमान दुकानामागच्या खोलीत काच कापायचे. सगळा रस्ता त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून आपणही दाजीच म्हणू. दाजी कापायचे आणि ताई ती काच पिकअपवर उभी बांधून गावभर पोचवायची. धाकटा अंड्यांचा व्यापारी. म्हणजे बघा, देवानं बहीणभावांना माल कसला दिला, तर वाटेत शिंक आली तरी गाडी बाजूला घेऊन द्यावी लागेल असला!

ताईच्या पिकअपचं नाव घोगरी. सकाळी चावी फिरवली की आधी खाकरायची, मग खोकायची, मग सगळ्या शेजाऱ्यांना उठवून एकदाची सुरू व्हायची. धाकट्याच्या पिकअपचं नाव मैना. पांढरीशुभ्र, गोड आवाजाची. चावीला नुसतं बोट लागलं की हजर.

"ताई, तुझ्या गाडीला उठवायला आधी चहा पाजावा लागतो का गं?" धाकटा विचारायचा.

"आणि तुझ्या मैनेला चढ दिसला की चक्कर येते, तिला लिंबूपाणी देतोस की नाही?" ताई उलट विचारायची.

"अगं, अंडी नेतो मी! इंजिन गुळगुळीत पाहिजे. तुझ्या घोगरीत अंडी ठेवली तर गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत आमलेट होईल."

"आणि तुझ्या मैनेवर मी काच चढवली तर पहिल्या चढाला तू उतरून ढकलायचास."

डिझेल म्हणजे घरातला थोरला. उशिरा उठणार, कुरकुर करणार, पण एकदा खांद्यावर घेतलेलं ओझं ठिकाणावर पोचवल्याशिवाय उतरवणार नाही. पेट्रोल म्हणजे धाकटा. हाक मारायचा अवकाश, उडी मारून हजर, ओझ्याचं नाव मात्र त्याच्याकडे काढू नका. दोघंही आईला सारखीच लाडकी. पण हे थोरलीला आणि धाकट्याला कोण सांगणार?

तर त्या दिवशी दुपारी घोगरी मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी होती आणि तिच्या शेजारी ताई उभी होती, चेहरा असा की जणू आत डॉक्टर पेशंटला तपासतोय.

प्रकरण असं होतं. आदल्या आठवड्यात घोगरी पासिंगला गेली आणि नापास होऊन आली. तपासनिसानं सायलेन्सरला नळी लावली, रेस दिली आणि मागून असा काळाकुट्ट धूर आला की त्याचा पांढरा शर्ट शाळेच्या फळ्यासारखा झाला. त्यानं सांगितलं, एक मुदत देतो. मुदतीच्या आत धूर नीट करून आणा. नाही जमलं, तर या वयाच्या गाडीला दुसरी मुदत नाही. सरळ भंगारात. ती मुदत आज पाच वाजता संपणार होती, पासिंगच्या आवाराचं फाटक बंद होतं तेव्हा.

आणि घोगरी म्हणजे ताईला नुसती गाडी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा 'काच बाईमाणसाच्या हातात देऊ नये' असं म्हणणारे गल्लोगल्ली होते. ताई याच गाडीवर गाडी शिकली, याच गाडीवर तिनं दवाखान्याच्या खिडक्या, शाळेची दारं, मोठ्या दुकानांची दर्शनी तावदानं पोचवली. एकही काच वाटेत तडकली नाही. मग एकेक करून सगळी तोंडं आपोआप बंद झाली. घोगरी गेली असती तर तिच्याबरोबर ताईचं स्टिअरिंग गेलं असतं. दुसरी गाडी घ्यायची ऐपत कधी येणार, देव जाणे.

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "नोझल बघितले, ठीक आहेत. एअर फिल्टर नवा टाकला. ऑइल बदललं. गाडीत खोट नाही, ताई."

"मग धूर कुठून येतो?"

"धूर तुमचा आहे."

"माझा?" ताईनं छातीवर हात ठेवला. "अहो, मी तिला फुलासारखी जपते!"

"तिथंच घोटाळा झालाय ना! तुम्ही काच भरून अशा जाता, जसं झोपलेल्या बाळाच्या खोलीतून कुणी चवड्यांवर जावं. कधी रेस नाही, कधी जोर नाही. डिझेलला कष्ट पाहिजेत, ताई. ते तापलं पाहिजे, फुरफुरलं पाहिजे, तेव्हा आतली काजळी जळते. तुम्ही तिला तापूच दिली नाही. काजळी आतल्या आत साचली. मायेनं गुदमरवलीत तिला."

ताईनं घोगरीच्या बॉनेटवर हात ठेवला. गाणाऱ्याचा गळा पडशाच्या भीतीनं कुणी वर्षभर गुणगुणण्यावरच ठेवला आणि मग भरल्या सभेत म्हटलं, आता लाव बाबा वरचा सूर, तर कुठून लागणार? माया वाईट नसते. पण नुसती पांघरूण घालणारी माया एक आणि पांघरूण ओढून कामाला उठवणारी माया दुसरी. ताईनं आयुष्यभर काचेशी पहिली माया केली आणि तीच चुकून लोखंडाशीही केली.

"मग उपाय?" दाजींनी विचारलं. दाजी कमी बोलायचे. काच कापणारा माणूस श्वाससुद्धा मोजून घेतो.

"पूर्ण ओझं भरा, दुसरा गिअर टाका आणि टाकीचा चढ चढा, ॲक्सिलरेटर तळाला लावून. काजळी जळून बाहेर पडेल. इंजिन थंड व्हायच्या आत फाटकावर न्या. पडली बाहेर तर पास. नाही पडली, तर हात जोडायचे."

"पण ओझं ठेवायचं कुठं?" दाजी म्हणाले.

खरंच, कुठं? घोगरीच्या मागच्या हौद्यात काच उभी लावायची लोखंडी घोडी होती, दोन्ही अंगांनी तिरकी, चौकटीला जोडकाम करून पक्की बसवलेली. तिच्यावर ना वाळू राहील, ना विटा, आणि काच लावून असा चढ चढायचा म्हणजे काचेचा चुराच. कापून काढायची तर संध्याकाळ होणार.

नेमका तेव्हा धाकटा आला. मैनेतून उतरला तो हसत हसतच. "ताई, तुझ्यासाठी गाडी बघितली! पेट्रोलची. अगदी मैनेची बहीण शोभेल. मालक आज दाखवायला तयार आहे, चल पटकन. घोगरीला नमस्कार कर आणि..."

ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईच्या डोळ्यांत! जिनं लहानपणी त्याला तळ्यात पोहायला ढकललं होतं आणि काठावर उभं राहून 'हात मार, मेल्या!' म्हणून ओरडली होती, तिच्या.

त्यानं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं सगळं पुन्हा सांगितलं, ओझं, चढ, काजळी. धाकट्यानं एकदा घोडीकडे बघितलं, एकदा मैनेकडे. मग मान खाजवली.

"दोर आहे का?"

"कशाला?" ताईनं डोळे पुसले.

"ओझं पाहिजे ना तुला? मग मैनेला बांध मागे. आत मी बसतो. मी काय हलका आहे? आणि कमी पडलं तर ब्रेक दाबून धरतो."

मिस्त्रीनं फडकं खाली ठेवून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. कारण हा तोच धाकटा, जो भर बाजारात सांगत फिरायचा की माझी मैना कुणाच्या दोरीला लागलेली दाखवा आणि मिशी उतरवून घ्या. आणि आता तो स्वतःच्या तोंडानं म्हणत होता, डिझेलच्या मागे टोचन करा.

"अरे, लोक बघतील!" ताई म्हणाली.

"बघू देत. लोकांना डोळे देवानं दिलेत, मी कोण झाकणारा?"

"हसतील तुला."

"तू आयुष्यभर हसतेसच की. सवय आहे."

मिस्त्रीनं दोर नको म्हणून टोचनाचा लोखंडी दांडा आणला. घोगरीच्या मागच्या हुकाला एक टोक, मैनेच्या पुढच्या हुकाला दुसरं. आता एकच अडचण उरली. धूर निघणार मागून, हौद्याखालून, आरशात न दिसणारा, आणि ताई बसणार पुढे. तो काळा आहे की निवळला, तिला कळणार कसं?

"मी आहे ना मागे!" धाकटा म्हणाला. "काळा असेल तोवर मी गप्प. पातळ झाला की एक हॉर्न. दिसेनासा झाला की हॉर्नवरचा हात काढणारच नाही."

"खरं सांगशील ना? डिझेलच्या बाजूनं साक्ष द्यायचीय तुला."

"ताई, भांडण वेगळं आणि साक्ष वेगळी."

दाजी घोगरीत ताईच्या शेजारी बसले, इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायला. आणि निघाली वरात. पुढे काळवंडलेली, खोकणारी घोगरी, मागे धुऊन पुसून चकचकीत केलेली मैना, मान खाली घातल्यासारखी.

टाकीचा चढ म्हणजे गावाबाहेरची टेकडी. वर पाण्याची मोठी टाकी, खाली बाजार, मध्ये साप टाकल्यासारखी वळणं. पायथ्याशी ताईनं दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. घोगरी गुरगुरली. दांडा ताणला गेला. मैना हलली.

"काटा?" ताईनं विचारलं.

"चढतोय," दाजी म्हणाले.

पहिल्या वळणावर चहाच्या टपरीपाशी बाकावर बसलेली माणसं उभी राहिली. एक जण तर हातातला कप घेऊन रस्त्यावरच आला. "अहो अंडीवाले! पडली का मैना बंद?"

ताईनं आरशात बघितलं. धाकट्याचं डोकं खिडकीबाहेर आलं. आता हा समजावत बसेल, पासिंग, काजळी, ओझं, सगळं पुराण सांगेल, असं तिला वाटलं. पण धाकट्यानं दोन्ही हात वर केले, स्टिअरिंग सोडून, आणि ओरडला, "पडली! पार बंद पडली! डिझेलनं वाचवलं!"

टपरीवर जो हशा पिकला तो वळण संपेपर्यंत ऐकू येत होता. "अहो, ऐकलंत का?" ती दाजींना म्हणाली.

"ऐकलं. समोर बघ," दाजी म्हणाले.

वळणामागून वळण गेलं. मागून हॉर्न नाही. टाकी दिसायला लागली, तरी हॉर्न नाही. वर सपाटीला गाडी थांबली आणि ताई उडी मारून मागे धावली. धाकटा खाली उतरला होता. पण हा धाकटा की कोळशाच्या खाणीतला मजूर? कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी, फक्त दात पांढरे. मैना तर ओळखू येत नव्हती.

"काळा?" ताईनं विचारलं.

"माझं तोंड बघ आणि तूच सांग."

ताईचा चेहरा पडला. धाकट्याला राग आला, आणि तो राग खरा होता. "ताई, तू गाडी चालवत होतीस की पाळणा हलवत होतीस? मी मागे ब्रेक दाबतोय, आणि तू प्रत्येक खड्ड्याला पाय उचलतेस! मिस्त्रीनं काय सांगितलं होतं? तळाला! तळाला म्हणजे कुठं, माहीत आहे ना?"

"अरे, घोडी खडखडते रे मागे. खडखडली की पाय आपोआप वर येतो. वाटतं, गेली काच."

"काच कुठाय? हौद्यात काच कुठाय, ताई?" त्यानं रिकाम्या घोडीवर थाप मारली. ती घणघणली. ताई दचकली. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा घणघणाट. "बघ. रिकामी आहे. काही फुटत नाही. ओरडू दे तिला!"

दाजी खिडकीतून म्हणाले, "चार वाजून गेले."

जपून खाली आले, पायथ्याला वळले, आणि परत चढाला तोंड केलं. ताईनं साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला. ओठांत देवाचं नाव घेतलं. मग दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. पाय जिथं नेहमी थांबायचा तिथं पोचला. तिथून पुढे दाबला. अजून दाबला. खाली पत्रा लागला.

आणि घोगरी बोलली!

गुरगुर नाही, खोकला नाही. आतून, बेंबीच्या देठापासून, भरदार गळ्यानं. बॉनेट थरथरलं, आरसा थरथरला, दाजींचा चष्मा नाकावरून घसरला. मागे घोडी खणाखणा वाजत होती, जणू चार जण चहूबाजूंनी झांजा वाजवतायत. पहिला खड्डा आला. घोडी किंचाळली. ताईचा पाय थरथरला, पण उठला नाही. दुसरा खड्डा. उठला नाही. ताईच्या कपाळावरून घाम ओघळला आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

"काटा!" ती ओरडली. त्या आवाजात दुसरा आवाज ऐकूच येत नव्हता.

"मध्याच्या वर! चालेल!" दाजी ओरडले. लग्न झाल्यापासून दाजी पहिल्यांदाच ओरडत होते, आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं. "दाब! अजून दाब!"

"अजून कुठं दाबू? खाली रस्ता लागेल!"

टपरी आली. माणसं आता रांगेनं उभी होती. "अहो, परत बंद पडली?" कुणीतरी ओरडलं.

"हिला सवयच लागली!" मागून धाकट्याचा आवाज आला.

त्याच वळणावर काजळीचा एक मोठा लोट सुटला. ताईला तो आरशात दिसला, वर चढणारा, काळा, गोल गोल. पण पाय तिथंच. आणि वळण पार झालं तेव्हा मागून हॉर्न वाजला. एकच.

"पातळ झाला!" ताई किंचाळली.

"वळण!" दाजी किंचाळले.

वळण घेतलं. चढ आता सगळ्यात उभा होता. मागून ब्रेक करकरत होता. धाकटा जीव खाऊन दाबत होता, आणि घोगरी त्या ब्रेकसकट, त्या मैनेसकट, त्या अंडीवाल्यासकट वर चढत होती. वेग काही वाढत नव्हता, पण कमीही होत नव्हता. थोरल्यांचं असंच असतं. ते धावत नाहीत, पण थांबतही नाहीत.

टाकी दिसली, आणि मागून हॉर्न वाजायला लागला. वाजला तो थांबेचना. टेकडीवरचे पक्षी उडाले. टाकीवरचा पहारेकरी कठड्याशी धावत आला. धाकट्यानं हॉर्नवर हात नव्हे, कोपर टेकवलं होतं आणि खिडकीतून दुसरा हात बाहेर काढून तो नाचवत होता.

वर पोचल्यावर त्यानंच दांडा सोडवला. "मैना राहू दे इथंच. टाकीवाल्याला सांगतो लक्ष ठेवायला. चल!" आणि तो घुसला घोगरीत. एका बाकावर तिघं. काजळीचा निम्मा भाग दाजींच्या शर्टाला लागला.

फाटकावर पोचले तेव्हा तिथला पहारेकरी साखळी हातात घेऊन उभाच होता. आत शिरले, तर पुढे रांग. तपासनीस घड्याळ बघत होता. इंजिन थंड होईल, वेळ संपेल, दोन्हीही होईल. ताईनं हात जोडायला घेतले, तेवढ्यात धाकटा खाली उतरला आणि पुढच्या गाडीच्या खिडकीशी त्यानं तोंड नेलं. आतल्या ड्रायव्हरनं आधी दचकून काच वर केली, मग पोट धरून हसला. "अरे, यांना आधी सोडा! यांना घरी जाऊन आंघोळ करायचीय!" हसू पुढच्या गाडीत गेलं, तिथून त्याच्याही पुढच्या. एकेक गाडी बाजूला झाली. माणसाला नुसतं हसवलं तरी वाट मिळते. हात जोडायची पाळीच आली नाही.

तपासनिसानं घोगरी ओळखली आणि आधी दोन पावलं मागे सरकला. मग नळी लावली.

"रेस द्या. एकदम. तळापर्यंत."

ताईनं दिली. एकदम. तळापर्यंत. घोगरीनं असा सूर लावला की शेडचा पत्रा घुमला.

"परत."

परत दिली.

"अजून एकदा."

धाकट्यानं डोळे मिटले होते. दाजी यंत्राच्या पडद्याकडे बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते. तपासनिसानं पडद्यावरचा आकडा वाचला. मग यंत्रावर एक टपली मारली, जणू त्याचाच संशय आला. आकडा हलला नाही. तो वाकला, सायलेन्सरच्या तोंडाशी आपला स्वच्छ पांढरा रुमाल धरला, ताईला आणखी एकदा रेस द्यायला लावली आणि रुमाल उजेडाकडे धरून बघितला.

"काय केलंत हिला?"

"ओरडू दिलं," ताई म्हणाली.

"पास," तो म्हणाला.

धाकट्यानं तपासनिसाला मिठीच मारली. बिचाऱ्याचा दुसरा शर्टही गेला. "बघितलंत ना साहेब, माझ्या ब्रेकनं पास झाली! पेट्रोलच्या ब्रेकनं!"

"ब्रेकला काय पेट्रोल लागतं, मूर्खा?" ताई म्हणाली. डोळे पुसतच म्हणाली, पण म्हणाली. "ओढलं कुणी ते सांग!"

"ओझं नसतं तर ओढलं असतंस काय, डोंबल?"

"अहो, भांडण बाहेर करा, मला फाटक लावायचंय," म्हणत तपासनीस पासिंगची चिठ्ठी घेऊन पुढे आला. त्यानं मागचा कागद सोलला आणि ती धुळीनं, काजळीनं माखलेल्या पुढच्या काचेवर चिकटवायला हात उचलला.

"थांबा!" ताईनं त्याचा हात धरला. "अशी लावतात का?"

तिनं पदराचं टोक तोंडातल्या वाफेनं ओलं केलं आणि काचेचा तो कोपरा पुसायला घेतला. आधी गोल गोल, मग उभं, मग आडवं, कडेपर्यंत, रबराच्या पट्टीखाली बोट घालून. पहारेकरी साखळी घेऊन उभा. तपासनीस चिठ्ठी घेऊन उभा. घोगरी एका लयीत सुरू.

"ताई, पाच वाजले गं!" धाकटा म्हणाला.

"वाजू देत. काच पुसतेय," ताई म्हणाली.